तीट

हडर्सफील्डच्या चढावर, रेल्वेच्या भिंतीला लागून
माझ्या वाट्याची भाड्याची जमीन: अकरा पावलं बाय सहा.
शेजारच्या वाफ्यात डोरीन थ्वेट, वय एक्याऐंशी,
माझ्या मृण्मयीचं तिनं पहिल्याच दिवशी 'मिन' केलं
आणि उरलेलं नाव कंपोस्टमध्ये टाकलं.

मे महिन्यातल्या एका बुधवारी हाक मारली तिनं,
बाकल्याच्या रोपांमधून.
"गुडघे टेक. उभ्यानं दिसायचं नाही."

देठ जिथं खोडाला भेटतो
तिथं दोन इवली उपपर्णं, तान्ह्याच्या कानांसारखी,
आणि प्रत्येकावर एक काळा ठिपका.
मी म्हटलं, तीट!
तिला काय कळणार तीट.
गालावर बोट टेकवून सांगितलं:
बाळाला लावतात, दृष्ट लागू नये म्हणून,
हौसेनं काढलेलं एक व्यंग.
ती हसली. "चाटून बघ. ही गोड असते."

ठिपक्यावर थेंब. टाचणीच्या डोक्याहून लहान.
कळ्या तर वीतभर वर, अजून मिटलेल्या.
म्हणजे हा मध माशीचा नाही,
लग्नाचा नाही, वंशाचा नाही.
हा उंबऱ्यावर ठेवलाय,
राखणीला येईल त्याच्यासाठी.

आणि त्या आल्याच. काळ्या, तुरुतुरु,
नाक्यावर चहा मारून गस्तीला निघालेल्या हवालदारासारख्या.
एकीनं पानामागून कसलीशी अळी ओढून काढली,
आपल्याहून तिप्पट मोठी,
आणि फरपटत नेली भिंतीकडे.
कागद नाही, साक्षीदार नाही,
रोपानं कधी म्हटलं नाही, मला सांभाळा.
डोरीन सांगते, पान कुरतडलं गेलं
की नव्या पानांवर ठिपके वाढतात.
जखमी झाडं जास्त गोड होतात, म्हणाली,
आणि लगेच, "माणसांचं माहीत नाही हं."

तिच्या शेडच्या दारात एक पत्र्याचा डबा असतो,
ओटच्या वड्यांचा, झाकण मुद्दाम तिरकं.
मी दिवसभर घरोघरी फिरते,
एका म्हाताऱ्या जिवामागे पंधरा मिनिटं:
गोळ्या, मोजे, चहा, सही.
येताना वळते इकडे. चार वड्या असतात, मी दोन खाते.
जानेवारीत ती पिंपापाशी घसरून पडली
तेव्हा मी तिला बघायला नव्हते आले,
वडी खायला आले होते.
हे तिला ठाऊक आहे. आम्ही त्यावर बोलत नाही.

जूनमध्ये मावा पडला.
शेंड्याशेंड्यावर काळा, दाट, बुक्क्यासारखा चिकटलेला.
आणि आमच्या पहारेकरणी?
माव्याच्या पाठी मिशांनी थोपटत
दूध काढत होत्या. गवळणी झाल्या होत्या!
मदतीला आलेल्या लाल ढालकिड्याला
चावून चावून हाकलत होत्या.
गद्दार, मी ओरडले, मराठीत,
पलीकडच्या वाफ्यातल्या कुत्र्यानं वर बघितलं.

डोरीननं कात्री काढली,
शेंडे खुडले, बादलीत टाकले,
बाकीच्यांवर साबणाचं पाणी मारलं.
"त्यांनी कुठं वचन दिलं होतं, मिन?
जिथं जास्त मिळेल तिथं जातात.
मुलंबाळं असतील त्यांनाही."

मुंग्यांना मुलं नसतात, राणीला असतात,
हे मी तिला सांगितलं नाही.
लीड्सच्या एजन्सीचं पत्र आठवडाभर खिशात आहे.
तासाला एक पौंड वीस पेन्स जास्त,
एक तारखेपासून.
त्याच्या घड्या आता फाटायला आल्यात.

आज संध्याकाळी ती दिसली नाही,
शेडचं दार मात्र उघडं,
बाकल्याची पहिली टोपली पायरीवर.
डब्याचं झाकण सरकवलं.
सहा होत्या.